आधी जेसीबी थांबवा: साइटवर दूषित माती निघाली तर काय करायचं

पाया खोदताना तीन फुटांवर तेलकट, वास मारणारा थर लागतो. किंवा सल्लागाराच्या अहवालात ‘जागा दूषित असण्याची शक्यता’ असा एक परिच्छेद येतो. मग साइटवर बहुतेक ठरलेलंच घडतं. सुपरवायझर ठेकेदाराला फोन लावतो. ठेकेदार म्हणतो, “काढ ते बाजूला, टाक मागच्या खड्ड्यात अन् वरून मुरूम ओढ.” अर्ध्या तासात काम पुन्हा सुरू. खरं नुकसान होतं ते याच अर्ध्या तासात.

हिशेब करून बघा. २० बाय ३० फूट जागेत तीन फुटांपर्यंत माती खराब आहे, म्हणजे १८०० घनफूट, म्हणजे १८ ब्रास. वजन ऐंशी-नव्वद टन. एवढी माती वेगळी काढून, तपासून, योग्य जागी पाठवणं महाग आहे, पण आवाक्यातलं आहे. तीच माती पोकलेनने सगळ्या लेआउटच्या भरावात कालवली की दोनशे ब्रास संशयित माती तयार होते. त्यातली चांगली कुठली, वाईट कुठली, हे मग लॅबलाही सांगता येत नाही. म्हणून काय आहे ते कळेपर्यंत माती जागची हलवायची नाही. पुढचं सगळं या एका गोष्टीवर उभं आहे.

हे लिहिलंय ते पहिल्या-दुसऱ्या साइटवर असलेल्या इंजिनिअरसाठी आणि चार-सहा एकरांचं प्लॉटिंग करणाऱ्या छोट्या विकासकासाठी. मोठ्या कंपन्यांकडे यासाठी वेगळी माणसं असतात. तुमच्याकडे बहुधा तुम्हीच असता.

पहिल्या दिवशी

काम पूर्ण साइटवर बंद करायची गरज नाही. संशयित जागेभोवती दहा-पंधरा फूट सोडून दोरी किंवा पत्रे लावा आणि तेवढाच भाग बंद ठेवा. उकरलेली माती वर आली असेल तर ती जाड प्लास्टिकवर एका ढिगात ठेवा, वरून ताडपत्री टाका, भोवती मातीचा छोटा बांध घाला. वळवाचा एक पाऊस आला तरी ढिगाखालून पाणी वाहून शेजारच्या शेतात जातं, आणि मग भांडण मातीचं राहत नाही, माणसांचं होतं.

दुसरं काम बरेच जण विसरतात. मजुरांच्या झोपड्यांना पाणी कुठून येतं ते बघा. साइटवरच्याच जुन्या बोअरचं असेल तर त्याच दिवशी टँकर लावा. पिण्यासाठीही आणि स्वयंपाकासाठीही. कामावरच्या बायकांची लहान पोरं मातीच्या ढिगावर खेळत असतात. शिसं असलेल्या मातीचा सगळ्यात जास्त त्रास त्यांनाच होतो, कारण मातीचे हात तोंडात जातात. त्या भागात काम करणाऱ्यांना गमबूट, हातमोजे आणि मास्क द्या. तंबाखू, विडी आणि चहा दोरीच्या बाहेर, तेही हात धुऊन. “मावशी, लेकराला तिकडं जाऊ देऊ नका” एवढं सांगून भागत नाही, पत्राच लावावा लागतो.

वास घेण्यासाठी खड्ड्यात वाकू नका. जुन्या कचऱ्यावरच्या भरावात मिथेन साठतो. हवेत त्याचं प्रमाण ५ ते १५ टक्क्यांच्या दरम्यान असताना ठिणगी पडली तर भडका उडतो. सडक्या अंड्याचा वास येणारा वायू जास्त प्रमाणात असेल तर नाक बधिर होतं आणि वास येईनासा होतो. त्यामुळे ‘आता वास गेला’ ही चांगली बातमी नसू शकते. दीड मीटरपेक्षा खोल खड्ड्यात आधार दिल्याशिवाय कोणालाच उतरवू नका, माती दूषित असो वा नसो.

फोटो काढा. फोटोत एक फूटपट्टी किंवा घमेलं येऊ द्या, नाहीतर नंतर थराची जाडी कळत नाही. मोबाइलचं लोकेशन चालू ठेवा.

जागेचा इतिहास काढणं

हे काम लॅबच्या आधीचं. लॅबला ‘सगळं तपासा’ असं सांगता येत नाही. प्रत्येक घटकाची वेगळी चाचणी आणि वेगळे पैसे. आधी काय होतं ते कळलं की काय शोधायचं ते कळतं.

सातबारा आणि फेरफार सगळेच काढतात. मराठवाड्यात त्याआधीचं खासरा पत्रक आणि सेतवारही (जमिनीच्या जुन्या नोंदी) बघावं. हा भाग १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता, त्यामुळे जुनी कागदपत्रं काही वेळा उर्दूत निघतात. कारखाना त्यात सापडणार नाही, पण बुजवलेली विहीर, ओढ्याची जागा, पोटखराबा (लागवडीला न येणारी जागा) सापडतो. आणि ज्या खोलगट पोटखराब्यावर आज सपाट प्लॉट दिसतो, तिथे कोणीतरी काहीतरी आणून भरलेलं असतं. एन.ए. (बिनशेती) आदेशात कशासाठी परवानगी दिली होती ते वाचा. जागेवर उद्योग असेल तर प्रदूषण नियंत्रण मंडळाचं जुनं संमतीपत्र मिळवा. त्यात कच्चा माल, घातक कचऱ्याचा प्रकार आणि प्रमाण लिहिलेलं असतं. गूगल अर्थवर जुन्या वर्षांची उपग्रह छायाचित्रं मागे सरकवून बघता येतात. खदान कधी भरली ते त्यात बऱ्याचदा स्पष्ट कळतं.

मग शेजारच्या टपरीवर बसा. “काका, इथं आधी काय होतं हो?” या प्रश्नाला जे उत्तर मिळतं, ते कोणत्याही कार्यालयात मिळत नाही. रात्री टँकर कुठे रिकामे व्हायचे, कोणत्या विहिरीचं पाणी जनावरं पीत नाहीत, हे त्यांना माहीत असतं. ऐकीव माहिती म्हणूनच नोंद करा, पण नोंद करा.

आपल्याकडे वारंवार येणारे प्रकार असे. चिकलठाणा, वाळूजसारख्या औद्योगिक वसाहतींच्या कडेला प्लेटिंगची (धातूला मुलामा देण्याची) छोटी शेड असेल तर क्रोमियम, निकेल, सायनाइड. पिवळसर-हिरवट डाग आणि पिवळं पाणी दिसलं तर सहा-संयुजी क्रोमियमचा संशय घ्या. हेच क्रोमियमचं विषारी रूप. बॅटऱ्या फोडण्याच्या जागी शिसं आणि आम्ल. गॅरेज, ट्रक टर्मिनल आणि जुन्या पेट्रोल पंपावर डिझेल-पेट्रोल, जमिनीखाली राहिलेली टाकी. जिनिंग-प्रेसिंग आणि तेल गिरण्यांच्या आवारात फर्नेस ऑइल आणि जुन्या ट्रान्सफॉर्मरचं तेल. त्या तेलात पीसीबी हे विषारी रसायन असू शकतं, म्हणून ते ‘जळकं ऑइल’ समजून हाताळू नका. साखर कारखाना आणि डिस्टिलरीच्या आसपास मळीचं पाणी मुरलेलं असतं आणि विहिरीचं पाणी चहासारखं तांबडं होतं. जालन्यासारख्या पोलादाच्या गावात भट्टीची स्लॅग (धातू वितळवताना उरलेला मळ) भरावाला स्वस्तात मिळते. ती नेहमी वाईटच असते असं नाही, पण न तपासता वापरलेली असते हे नक्की. छत्रपती संभाजीनगरात खाम आणि सुखना नद्यांच्या काठचा भराव, किंवा नारेगावसारख्या जुन्या कचरा डेपोचा परिसर असेल तर आधी वायूचा विचार करा, मातीचा नंतर.

उगम, वाट, झळ

सल्लागार यावर आकृत्या काढतात. तुम्हाला वहीच्या एका पानावर तीन रकाने पुरतात. दूषित पदार्थ कुठे आहे, तो कोणत्या वाटेने सरकतो, आणि त्याची झळ कोणाला बसते. तिन्ही रकाने भरले तरच धोका खरा. मधली वाट तोडता आली तर उगम जागेवर राहूनही धोका आटोक्यात येतो. खर्चाची सगळी गंमत इथे आहे.

आता मराठवाड्यातली वाट. वर काळी माती, काही ठिकाणी फूटभर, काही ठिकाणी दोन-तीन मीटर. खाली मुरूम, त्याखाली बेसाल्टचा काळा दगड. पुस्तकात लिहिलेलं असतं की चिकण माती पाणी खाली जाऊ देत नाही. पावसाळ्यात काळी माती फुगून बसते तेव्हा ते खरं असतं. एप्रिल-मेमध्ये त्याच मातीला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. त्या काळात सांडलेलं ऑइल भेगेतून थेट मुरमापर्यंत उतरतं. वरून दोन फूट माती तपासली, स्वच्छ निघाली, आणि खाली मुरूम काळा, असं होऊ शकतं. मुरमात पोचलेलं द्रव आडवं पसरतं. बेसाल्टमध्ये पाणी सरसकट झिरपत नाही, भेगा आणि फटींतून पळतं. त्यामुळे शेजारच्या विहिरीला काही नाही आणि तीन शेतं सोडून पलीकडच्या बोअरला वास, हेही घडतं.

आणि आपले बोअर. दुष्काळाच्या वर्षांत एकेका गटात पाच-पाच घेतलेले, पाणी न लागलेले, तोंडावर दगड ठेवून सोडून दिलेले. दूषित पाण्याला शेकडो फूट खाली जायला यापेक्षा सोपी वाट नाही. साइटवरचा प्रत्येक जुना बोअर शोधा, नकाशावर मांडा. संशयित भागातला बोअर तपासणी झाल्यावर तळापासून सिमेंट-बेंटोनाइटच्या घोळाने भरून बंद करा. वर फक्त टोपण लावणं म्हणजे बंद करणं नव्हे.

नमुने

खड्डा घ्या, एक बाजू फावड्याने ताजी तासून घ्या आणि वरूनच नीट बघा. समजा बॅटरी फोडण्याची जुनी जागा आहे. वरचा फूटभर मुरूम नंतर टाकलेला. त्याखाली चार-सहा इंच राखाडी थर, त्यात काळ्या कडक प्लास्टिकचे नखाएवढे तुकडे. त्याखाली काळी माती, पण तिच्यातले चुनखडीचे पांढरे खडे वरच्या बाजूला विरघळून गेलेले. हे लक्षण महत्त्वाचं आहे. आपल्या काळ्या मातीचा सामू (पीएच) साधारण साडेसात ते साडेआठ असतो आणि आम्लाचे दोन थेंब टाकले की ती फसफसते. सामू चार-पाचवर आलेला आणि फसफस नाही, म्हणजे इथे आम्ल मुरलंय. पीएचची पट्टी पन्नास-शंभर रुपयांच्या घरात मिळते आणि लॅबचा अहवाल यायच्या आधी दिशा दाखवते.

पाण्यावर रंगीत तवंग दिसला तर काडीने ढवळा. तेलाचा तवंग तुटून पुन्हा जुळतो. लोहाच्या जिवाणूंचा तवंग काचेच्या तुकड्यांसारखा फुटून तसाच राहतो.

नमुने थराप्रमाणे घ्या, ठरावीक खोलीप्रमाणे नव्हे. भरावातून एक, भराव आणि काळ्या मातीच्या सांध्यावरून एक, भेगेतल्या मातीचा एक, मुरमाच्या माथ्यावरून एक. चार ठिकाणची माती कालवून एकच नमुना करण्याची शेतीतली पद्धत इथे चालत नाही. तिने खराब जागा सरासरीत लपते. पेट्रोल-डिझेलसाठी काचेची बाटली काठोकाठ भरायची, वर हवा राहता कामा नये, आणि बर्फाच्या पेटीत साधारण ४ अंशांवर त्याच दिवशी रवाना करायची. मेमध्ये गाडीच्या डिकीत दोन तास राहिलेला पेट्रोलचा नमुना ‘काही आढळले नाही’ असाच येणार. प्रत्येक बाटलीवर जागा, खोली, तारीख, वेळ. कोणी कोणाच्या हाती दिली याचा कागद सोबत. लॅब एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था) मान्यताप्राप्त हवी, आणि तुमची चाचणी तिच्या मान्यतेच्या यादीत आहे का तेही विचारा. मान्यता लॅबला सरसकट नसते, चाचणीनिहाय असते.

पाण्याचा नमुना बोअर थोडा वेळ चालवून, साचलेलं पाणी काढून टाकून घ्यावा. प्रवाहाची दिशा हवी असेल तर किमान तीन विहिरी किंवा बोअरची पाणीपातळी एकाच दिवशी मोजा. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेची निरीक्षण विहीर जवळ असेल तर तिच्या नोंदी मागा.

एक नमुना आवर्जून घ्यायचा, आणि नेमका तोच वगळला जातो. जवळच्या, कधीच उद्योग नसलेल्या शेतातून, त्याच प्रकारच्या मातीचा. कारण बेसाल्टपासून बनलेल्या मातीत क्रोमियम, निकेल, तांबं, व्हॅनेडियम मुळातच जास्त असतं. परदेशी मर्यादांचा तक्ता लावला तर परभणीतलं निखळ कापसाचं रानही ‘दूषित’ ठरू शकतं. शेजारच्या शेताचा आकडा हातात असेल तर जमिनीचं स्वतःचं किती आणि माणसाने टाकलेलं किती हे वेगळं करता येतं. क्रोमियमचं तर एकूण प्रमाण आणि सहा-संयुजी प्रमाण असे दोन आकडे मागाच.

पाण्याचंही तसंच. पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक आयएस १०५०० शिशासाठी लिटरला ०.०१ मिलिग्रॅम आणि नायट्रेटसाठी ४५ मिलिग्रॅम मर्यादा सांगतं. आपल्या भागात नायट्रेट खत आणि सांडपाण्यामुळे जास्त असतं, आणि नांदेड जिल्ह्यात किनवटकडे फ्लोराइडची तक्रार जुनी आहे. या दोन आकड्यांवरून लगेच शेजारच्या कारखान्याला धरू नका. शिसं, सहा-संयुजी क्रोमियम किंवा डिझेल सापडलं तर मात्र खत आणि खडकाकडे बोट दाखवता येणार नाही.

उपाय निवडणं

सगळी माती उचलून न्यायची, हा पहिला विचार असतो आणि बऱ्याचदा सगळ्यात महागडा. आधी आराखडा हलवून बघा. जिथे शिशाची माती आहे तिथे बगीचा आणि खेळाची जागा दाखवली असेल तर ती दुसरीकडे न्या आणि तिथे काँक्रीटचं पार्किंग घ्या. मंजूर नकाशात बदल करावा लागतो, वेळ जातो, पण मातीशी पोरांचा संबंध संपतो. पेट्रोल किंवा कचऱ्याचा वायू असेल तर हा उपाय उलटा पडतो, कारण काँक्रीटखाली वायू साठतो. तिथे वायुरोधक पडदा आणि बाहेर काढणारी नळी लागते.

डिझेलची माती साइटवरच सुधारता येते. प्लास्टिकवर हात-दीड हात उंचीचा ढीग, थोडा युरिया आणि डीएपी, ओलावा टिकवायचा, आठ-पंधरा दिवसांनी उलथवायचा. जिवाणू तेल खातात. आपल्याकडची उष्णता इथे कामाची आहे, फक्त ढीग वाळू द्यायचा नाही. काही महिने लागतात. घाई असलेल्या प्रकल्पाला हे पटत नाही, पण हप्त्याहप्त्याने काम चालणाऱ्या लेआउटमध्ये एका कोपऱ्यात हे सहज चालतं. धातूंवर याचा उपयोग नाही. धातू कोणी खाऊन संपवत नाही. ते काढावे तरी लागतात, सिमेंट-चुन्याने बांधून ठेवावे लागतात, नाहीतर झाकावे लागतात.

झाकण्यासाठी नुसती काळी माती वापरू नका. पहिल्याच उन्हाळ्यात भेगा पडतील. मातीच्या धरणात गाभ्याला काळी माती आणि बाहेरून मुरमाचं आवरण असतं, तसंच इथे: दाबलेली काळी माती, तिच्यावर ओल धरून ठेवणारा मुरमाचा थर. धोका जास्त असेल तर मध्ये एचडीपीईचा (जाड प्लास्टिकचा) कागद.

कोणताही उपाय असो, खोदकाम मेअखेर संपेल असं वेळापत्रक बांधा. जूनमध्ये उघडा दूषित खड्डा म्हणजे दूषित तळं.

कोणाला कळवायचं

हा भाग टाळण्याकडे सगळ्यांचा कल असतो. मालकाला वाटतं, कळवलं की साइट सील. पण लपवलेली गोष्ट फ्लॅट विकल्यावर बाहेर आली तर महारेरापासून राष्ट्रीय हरित लवादापर्यंत सगळीकडे उत्तर द्यावं लागतं, आणि तेव्हा तुमच्याकडे ‘आम्ही शोधलं आणि कळवलं’ असा एकही कागद नसतो.

मालकाला लेखी कळवा. व्हॉट्सअॅप पुरेसं नाही, ईमेल करा. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या तुमच्या भागाच्या उपप्रादेशिक कार्यालयाला पत्र द्या आणि पोच घ्या. शेजाऱ्यांच्या पिण्याच्या विहिरीला धोका असेल तर ग्रामपंचायत किंवा महापालिकेला त्याच दिवशी.

जुलै २०२५ मध्ये केंद्राने दूषित स्थळांच्या व्यवस्थापनाचे स्वतंत्र नियम आणले. त्यात जिल्हा प्रशासनाने संशयित स्थळांचा सहामाही अहवाल द्यायचा, राज्य मंडळाने ९० दिवसांत प्राथमिक तपासणी करायची, आणि गरज असेल तर पुढच्या तीन महिन्यांत सविस्तर पाहणी होऊन स्थळ दूषित आहे की नाही ते ठरायचं, अशी साखळी आहे. ज्याने दूषित केलं त्याच्याकडून खर्च वसूल करायचा, हे तत्त्वही त्यात आहे. किरणोत्सारी कचरा, खाणकाम, समुद्रातलं तेल आणि कचरा डेपो यांना हे नियम लागू नाहीत, त्यांचे कायदे वेगळे. तुम्हाला यातून घ्यायचं ते एवढंच: जागा विकत घेण्याआधीच्या मालकाचा उद्योग, त्याची कागदपत्रं आणि तुमचे पहिले नमुने जपून ठेवा. खर्च कोणाच्या डोक्यावर बसणार हे त्यावर ठरू शकतं. जागा अजून घेतली नसेल तर खरेदीखताआधी हे सगळं करा आणि सफाईचा खर्च किमतीतून वळता करा.

माती बाहेर पाठवताना

माती ‘घातक कचरा’ ठरते का, हे टीसीएलपी चाचणीवरून बघतात. आम्लयुक्त पाण्यात किती धातू सुटतो ते त्यात मोजतात. शिशासाठी ही मर्यादा लिटरला ५ मिलिग्रॅम आहे. त्यावर गेली तर २०१६ चे घातक कचरा नियम लागतात: साठवणूक ९० दिवसांपर्यंत, अधिकृत वाहतूकदार, फॉर्म १० मधलं मॅनिफेस्ट (कचऱ्यासोबत जाणारा वाहतुकीचा कागद), आणि मान्यताप्राप्त विल्हेवाट केंद्र. छत्रपती संभाजीनगराकडून त्यातल्या त्यात जवळचं पुण्याकडचं रांजणगाव. हायवावाला “साहेब, मी बघतो कुठं टाकायचं ते” म्हणाला तर त्याला नको म्हणा. मॅनिफेस्टची विल्हेवाट केंद्राकडून सही होऊन आलेली प्रत हातात पडेपर्यंत ती माती तुमचीच आहे.

खड्डा रिकामा झाल्यावर तळातून आणि चारही बाजूंतून पुन्हा नमुने घ्या. ते शेजारच्या शेताच्या आकड्याजवळ आले की भरा. भरायला आणलेल्या मुरमाची रॉयल्टीची पावती आणि खदानीचं नाव ठेवा, आणि त्याचाही एक नमुना तपासा. दूषित माती काढून त्या जागी दुसऱ्याच कोणाची तरी दूषित माती आणल्याची उदाहरणं कमी नाहीत.

पाणी दूषित निघालं असेल तर दोन वर्षं तरी मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये त्याच बोअरचे नमुने घेत राहा. पावसानंतरचं पाणी बहुतेक वेळा बरं दिसतं, मेचा आकडा खरा बोलतो. काही माती झाकून जागेवरच ठेवली असेल तर तिचा नकाशा, खोली आणि ‘इथे खोदू नये’ अशी नोंद सोसायटीला ताबा देतानाच्या कागदांत घाला. उद्या तिथे पाण्याची टाकी खोदायला जेसीबी येईल, तेव्हा तुम्ही त्या साइटवर नसाल.